बारा मार्चची पाळी

३ जून

मोठे काका,

लांबूनच वाकून नमस्कार. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने घालता, म्हणून पत्र लिहितेय. गुडघे कसे आहेत?

आईचे डोळे आता फारच अधू झालेत. परवा तिने मला समोर बसवलं आणि म्हणाली, "ठकू, मी जायच्या आत एक काम कर. बाबांच्या नावापुढचा तो शेरा काढून टाक." कुठला शेरा ते तुम्हाला सांगायला नको. 'कामाच्या वेळी जागेवर गैरहजर.' अठरा वर्षं झाली त्याला. पंपघराच्या फाटकाबाहेर चाळीस पावलांवर, रस्त्याच्या कडेला बाबा सापडले. कुठल्याशा गाडीने उडवलं म्हणाले. पाळी अर्धवट टाकून बाहेर भटकणारा माणूस, असं त्या एका ओळीने ठरवून टाकलं. पेन्शन गेली, आईने लोकांचे कपडे शिवून मला मोठं केलं. त्याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. पण बारा वर्षांत ज्याने एक पाळी चुकवली नाही त्याला गैरहजर म्हणतात म्हणजे काय, एवढं एकच तिच्या डोक्यातून जात नाही. आणि खरं सांगू, माझ्याही.

तुम्ही त्याच पाणीपुरवठा कार्यालयात रेकॉर्ड सांभाळण्यात जन्म काढलात. आता कुणीही अर्ज करून सरकारी कागद मागू शकतं. बाबा दर तासाला टाकीतलं पाणी किती ते ज्या वहीत लिहायचे, ती त्या वर्षाची नोंदवही मला हवीय. बाबा त्या दिवशी कुठपर्यंत कामावर होते ते तिच्यात दिसेल. अर्ज कसा लिहू?

तुमची ठकू

---

१२ जून

ठकूबाई,

गुडघे जिथल्या तिथे आहेत आणि दिवसभर कुरकुरतात. तू आपलं सांभाळ. औषधाच्या दुकानात दिवसभर उभी असतेस, पाय सुजत असतील.

आता मुद्द्याचं. कशाला उकरून काढतेस? ज्यांनी शेरा लिहिला ते मोठे साहेब कधीच वारले. तो पंप गेला, टाकी गेली. तुझ्या आईला समजाव. या वयात माणसाने शांत बसावं.

पण तू ऐकणार नाहीस. बापावर गेली आहेस. तेव्हा निदान अर्ज तरी नीट लिही, नाहीतर माझ्या खात्याचं नाव घालवशील. 'माहिती द्यावी' असं चुकूनही लिहू नको. माहिती म्हटलं की ते दोन पानांचं भाषण पाठवतात. 'प्रत द्यावी' असं लिही, म्हणजे कुणाला तरी उठून कपाट उघडावं लागतं. वही म्हणू नको, 'पंपघर नोंदवही, सप्टेंबर ते मार्च' असं पूर्ण नाव घाल. आणि खाली लिही की मूळ वही समोर बसून पाहायची आहे. प्रतीत सगळं दिसत नसतं.

हे मी का सांगितलं कोण जाणे. जित्याची खोड.

मी इथे घर घेतलं ते मुद्दाम खिडकीतून एकही पाण्याची टाकी दिसणार नाही असं बघून घेतलं होतं. गेल्या वर्षी नेमकी समोरच बांधली. सकाळी डोळा उघडला की शिडीचे गज मोजत बसतो. एकविसाव्यावर थांबतो.

तुझा मोठा काका

---

९ जुलै

मोठे काका,

प्रत आली! एकशे चार पानं. तुमच्या सांगण्याप्रमाणे अर्ज केला आणि खरोखरच कुणीतरी कपाट उघडलं.

बाबांचं अक्षर पाहून मला रडूच कोसळलं. मी दुकानात दिवसभर डॉक्टरांची कोंबड्यांनी उकरलेली अक्षरं वाचते, आणि बाबा मात्र 'पाणी साडेआठ फूट' असं लिहायचे की जणू आमंत्रणपत्रिका. मी आईला रोज थोडं थोडं वाचून दाखवते. तास, पाणी, पंप चालू, पंप बंद. तिला कंटाळा येत नाही. रोज पाळीच्या शेवटी ते एकच ओळ लिहायचे, 'पाळी पूर्ण. घरी निघालो.' ती ओळ आली की आई म्हणते, "हं, आता अर्ध्या तासात येतील."

काल आम्ही शेवटच्या पानावर आलो. एका पानावर दोन दिवस मावतात. वर अकरा मार्च. सहा, सात, आठ, नऊ वाजताच्या नोंदी. मग साहेबांच्या हातचं 'गैरहजर'. मी थांबले. आईचा हात माझ्या हातात होता. आणि मग खाली नजर गेली.

काका, खाली बारा मार्च आहे. सहा वाजता पाणी आठ फूट. सात वाजता पावणेआठ. आठ, नऊ, दहा, अकरा, दुपारी दोनपर्यंत, एक तास न चुकता. बाबांच्या अक्षरात. आणि शेवटी 'पाळी पूर्ण. घरी निघालो.'

अकराला आपण त्यांना आणलं होतं. बाराला घरात माणसं मावत नव्हती. मी दहा वर्षांची होते, पण मला सगळं आठवतं. तुम्ही दारापाशी भिंतीला टेकून बसला होतात.

मी वाचताना चूक झाली असेल म्हणून चारदा वाचलं. मोठ्याने वाचलं, हे माझं चुकलं. आईने ऐकलं. तेव्हापासून ती बाहेरच्या दाराची कडी लावू देत नाही. "निघालो म्हणाले ना," एवढंच म्हणते.

मला भीती वाटतेय. हे काय आहे?

ठकू

---

१७ जुलै

ठकू,

तारखेची चूक असेल. लोक मागच्या दिवसाचं दुसऱ्या दिवशी लिहितात, पानं पुढेमागे होतात, मी असल्या हजार चुका पाहिल्यात. मनाला लावून घेऊ नको. आईला सांग, दार लावून घे म्हणावं, दिवस चांगले नाहीत.

मला बरं नाही. बँकेत पैसे काढायला गेलो तर सही जुळत नाही म्हणून परत पाठवलं. ही तिसरी वेळ. कारकून पोरगी चांगली आहे बिचारी, म्हणाली, आजोबा, सावकाश करा. सावकाश केली. तिने कागद फिरवून दाखवला. मी धाकट्याचं, तुझ्या बापाचं नाव लिहिलं होतं, त्याच्या अक्षरात.

पुढे काही मागवू नको.

काका

---

२१ ऑगस्ट

मोठे काका,

महिना झाला, तुमचं पत्र नाही. मीही लिहिलं नाही, कारण मी तुमचंच ऐकत होते. पहिल्या पत्रातलं. 'मूळ वही समोर बसून पाहा.' गेल्या सोमवारी गेले.

रेकॉर्डच्या बाईंनी खुर्ची दिली, वही समोर ठेवली. मुखपृष्ठाच्या आत चार तपासण्यांच्या सह्या आहेत, चारही ठिकाणी 'पाहिले' असं लिहिलंय. अठरा वर्षांत चार माणसांनी ही वही पाहिली आणि मेल्यानंतर कामावर आलेला माणूस एकालाही दिसला नाही. मला हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटली.

वही स्वच्छ आहे, काका. एकाही पानावर तेलाचा डाग नाही. बाबांची बोटं तुम्हाला आठवतात? आई साबणाने घासून थकायची. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सहीशेजारी त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा असायचा. ते सात महिने या वहीत लिहीत होते आणि एक डाग नाही? आणि सगळी पानं एकाच शाईची. सप्टेंबरचा निळा आणि मार्चचा निळा सारखाच. मी दुकानात खोट्या चिठ्ठ्या ओळखते, ते माझं रोजचं काम आहे. ही वही सात महिन्यांत लिहिलेली नाही. ही कुणीतरी एका बैठकीत उतरवून काढलीय.

आईला सांगितलं तर तिने वेगळंच विचारलं. "एकविसावा गज आला का त्यात?" मला काही कळेना. ती म्हणाली, टाकीच्या शिडीचा एकविसावा गज सैल होता, बाबा तो ओलांडून लांब टांग टाकून वर जायचे, आणि घरी येऊन रोज वैतागायचे की मी वहीत रोज लिहितो, कुणी वाचत नाही. मी एकशे चार पानं पुन्हा चाळली. गजाचा एक शब्द नाही.

आणि मग मला तुमचं पत्र आठवलं. एकविसाव्यावर थांबतो, असं तुम्ही लिहिलं होतंत.

शिडीच्या दुरुस्तीची फाईल मागवली आहे. ती येण्याआधी तुम्हाला काही सांगायचं असेल तर सांगा. मी वाट बघते.

ठकू

---

२८ ऑगस्ट

शिडीची फाईल मागवू नको. मी तुझ्यापुढे हात जोडतो, पोरी. अर्ज मागे घे. मागे घेता येतो, साध्या कागदावर दोन ओळी लिहून द्यायच्या.

काका

---

१९ सप्टेंबर

काका,

फाईल आली. 'टाकीच्या शिडीचे सैल गज बदलणे.' बिल फेब्रुवारीच्या दोन तारखेला मंजूर. खाली लिहिलंय, 'प्रत्यक्ष पाहणी केली. काम पूर्ण.' त्याखाली सही आहे. ती तुमची आहे. तुमच्या स्वतःच्या अक्षरातली.

मी आईला अजून सांगितलेलं नाही.

---

४ ऑक्टोबर

ठकू,

पंधरा दिवस मी हे पत्र लिहितोय. पहिले चार कागद फाडले, कारण लिहिता लिहिता अक्षर त्याचं होत होतं. हा कागद डाव्या हाताने लिहिलाय. वाकडंतिकडं आहे, पण माझं आहे.

मी त्या कामाचा एक पैसा घेतला नाही. हे मी अठरा वर्षं स्वतःला सांगत आलो, जसं काही त्याने फरक पडतो. मोठे साहेब बिल घेऊन आले, म्हणाले, काम झालंय, पाहणीची सही राहिलीय, तुझा भाऊ तिथेच असतो, तू कर. मी केली. मी पंपघरात गेलो नाही, वर मान करून पाहिलं नाही. तीस वर्षं कागदांत राहिलेल्या माणसाला कागदावर झालं म्हणजे झालंच वाटतं. मी काही लपवत होतो असंही नाही. मला खरंच वाटलं की गज बदलला. आणि म्हणून मी त्याला सांगितलं. घरी आला होता, तुझ्यासाठी रंगाची पेटी घेऊन निघाला होता. मी म्हटलं, "धाकट्या, आता कटकट बंद कर, तुझा गज बदलला. बिल निघालं." तो म्हणाला, "मला तर कुणी आलेलं दिसलं नाही, दादा." मी म्हटलं, "तुझ्या सुट्टीच्या दिवशी आले असतील. मी सही केलीय."

मी सही केलीय म्हटल्यावर त्याने पुढे विचारलं नाही. लहानपणापासून तो असाच.

महिनाभर वर जायचं काम निघालं नाही. अकरा मार्चला निघालं. इतकी वर्षं जो गज तो ओलांडायचा, त्याच्यावर त्या दिवशी पाय दिला.

मला दहा वाजून गेल्यावर बोलावणं आलं. तो शिडीखाली होता, फाटकाच्या आत. कामावर होता, ठकू. तुझा बाप कामावर होता. साहेब म्हणाले, हा इथे सापडला तर शिडी बघतील, शिडी बघितली तर बिल बघतील, आणि बिलावर सही तुझी आहे. तू आत गेलास तर त्याच्या बायकापोरीकडे कोण बघणार? आम्ही तिघांनी उचललं. साहेब, त्यांचा ड्रायव्हर आणि मी. मी पाय धरले होते. चाळीस पावलं. तो आकडा कागदावर लिहायला मीच सांगितला, कारण मी मोजली होती.

आणि तुमच्याकडे बघितलं तरी किती? दोन वर्षांनी बदली मागून पळालो. तुझ्या आईच्या शिलाई मशीनचा आवाज मला सहन होईना.

वहीत रोज गजाची नोंद होती. साहेबांनी कोरी वही दिली, म्हणाले, त्याचं अक्षर तुला जमतं, उतरवून काढ आणि जुनी जाळ. अक्षर जमणारच. त्याला पाटीवर गिरवायला मीच शिकवलं होतं. नऊ दिवस रेकॉर्डच्या खोलीला आतून कडी लावून मी ती वही लिहिली. नवव्या दिवशी अकरा मार्चच्या पानावर पोचलो. नऊपर्यंत लिहिलं, साहेबांनी येऊन त्याखाली शेरा मारला. तिथे थांबायचं होतं. खाली अर्धं पान कोरं राहिलं.

आमच्या खात्यात वहीत कोरी जागा सोडायची नाही, आडवी रेघ मारून बंद करायची असते. मी पट्टी घेतली. रेघ मारायला हात गेला आणि मारवेना. मी बारा मार्च लिहिलं. सहा वाजले, पाणी आठ फूट. मग सात. लिहितोय तोवर तो पंपघरात बसलेला होता, ठकू. मला दिसत होता. दोन वाजेपर्यंत मी त्याला बसवून ठेवला. मग मनात आलं की याला आता घरी पाठवला पाहिजे. म्हणून लिहिलं. चूक होती ते कळत होतं. मी खाडाखोड करू शकलो असतो. केली नाही. तेव्हापासून माझा हात त्याचा झाला, तो परत आलाच नाही.

जुनी वही जाळली नाही. रेकॉर्ड जाळायचा हात माझ्याकडे नाही. कापडात बांधून अठरा वर्षं माझ्या पलंगाखाली होती. तेलाच्या डागांसकट.

ती मी तुला पाठवू शकलो असतो. पण मग ती काकाने पुतणीला गुपचूप दिलेली वही झाली असती, कुणीही खोटी म्हटली असती. म्हणून काल बसने कार्यालयात गेलो. वही आणि माझा लेखी जबाब, दोन्ही खिडकीवर दिलं आणि पोच घेतली. आवक क्रमांक चारशे सतरा. आता तो सरकारी कागद आहे. तुला कुणी नाही म्हणू शकत नाही. अर्ज कर. 'माहिती' लिहू नको, 'प्रत' लिही.

शेवटच्या पानावर दहा वाजताची एक नोंद आहे, जी मी उतरवली नव्हती. ती मी तुला सांगणार नाही. तू त्याच्याच अक्षरात वाच.

काका

---

११ नोव्हेंबर

मोठे काका,

आवक क्रमांक चारशे सतरा. प्रत मिळाली. मूळ वहीसुद्धा समोर बसून पाहिली. रेकॉर्डच्या बाईंनी विचारलं, पाणी हवं का? मी नको म्हटलं. पानापानावर त्यांचा अंगठा आहे. मी माझा अंगठा एकावर ठेवून पाहिला.

सत्त्याऐंशी वेळा लिहिलंय 'एकविसावा गज सैल'. शेवटचं फेब्रुवारीच्या तीन तारखेला. त्यानंतर नाही. तुम्ही त्यांना चार तारखेला सांगितलं असणार.

आणि दहा वाजता. 'वरचा वॉल्व्ह बघायला जातो. दादाने गज पाहिलाय.'

आईला मी सगळं वाचून दाखवलं. तुमचा जबाबही. काही लपवलं नाही. शेवटी तिने विचारलं, "दहानंतर?" मी म्हटलं, "काही नाही, आई. पुढे कोरं आहे." "पाळी पूर्ण लिहिलं नाही?" "नाही." माझ्या हातातला कागद तिने चाचपला, म्हणाली, "म्हणजे ते बारा तारखेचं भाऊजींनी लिहिलं."

नक्कल केलेल्या वहीवर कार्यालयाने 'रद्द' असा शिक्का मारलाय, मीच तशी मागणी केली होती. आईने माझ्याकडे त्या वहीच्या प्रतीतलं शेवटचं पान मागितलं. मी म्हटलं, ते खोटं आहे. म्हणाली, "मला ठाऊक आहे. दे." घडी घालून उशीखाली ठेवलंय. आणि म्हणाली, "भाऊजींना कळव, ते घरी पोचले." मग स्वतः उठून, भिंत धरत धरत जाऊन, बाहेरच्या दाराला कडी लावली. चार महिन्यांत पहिल्यांदा.

हे तिचं झालं. माझं वेगळं आहे. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, काका. होईल की नाही मला माहीत नाही. तुम्ही मला अर्ज लिहायला शिकवलंत, ते तुम्हालाच पकडलं जायचं होतं म्हणून, एवढं मला आता कळतंय. त्याचा राग येतो आणि रडूही येतं.

शेरा काढण्यासाठी चौकशी बसलीय, सव्वीस तारखेला सकाळी अकराला. तुमचा जबाब तुम्हाला तोंडी द्यावा लागेल. नऊच्या बसने या, स्टँडवर मी येईन. त्याआधी आपल्याला पंपघरावर जायचंय. टाकी पाडलीय, पण फाटक अजून आहे, मी पाहून आले. रस्त्याच्या कडेला तुम्ही त्यांना जिथे ठेवलंत ती जागा मला दाखवा. तिथून आपण आत चालत जाऊ, तुम्ही आणि मी. या वेळी पावलं मी मोजेन.

ठकू